शाळेच्या धाब्यावरची खारी

घाईआक्का कुणाच्याही घरी गेली तरी चपला काढायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहायची, एक हात दाराच्या चौकटीला, आणि जे काय सांगायचं ते तिथूनच. "आत ये ना आक्का, चहा टाकते," म्हटलं की म्हणायची, "चहा पेवाले उनू का मी?" मग दोन वाक्यांत काम सांगून पाठ फिरवायची. आपण अजून "हो" म्हणतोय तोवर ती शेजारच्या दाराशी पोचलेली. लोक तिच्या तोंडावर म्हणायचे, "आक्का, तू मरी जाशी पन बठशी नही." ती म्हणायची, "मरनं म्हंजे बठनंच शे ना. मंग आतेच कसाले?"

तिचं खरं नाव मलासुद्धा मोठेपणी, तिला मतदार यादी वाचून दाखवताना कळलं. तेव्हा मी विचारलं, ही कोण बाई? तर ती म्हणाली, "मीच ती. चाल, पुढलं वाच." गावाला ती घाईआक्का म्हणूनच ठाऊक होती. आमचं गाव म्हणजे नरडाणा स्टेशनात उतरून आत रिक्षाने जावं लागतं, असं एक. मी लग्न होऊन भुसावळजवळ दीपनगरच्या कॉलनीत आले, नवरा वीजकेंद्रात. इतक्या लांब येऊनही सुटका नव्हती. मे महिना निम्मा सरला की फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही, पोरंबाळं बरी का नाही. सरळ, "निंघनी का?"

अगं बाई, कुठं निघायचं ते तरी सांग! पण ते सांगायची गरज नव्हती. पावसाच्या आत शाळेच्या धाब्यावर खारी टाकायची असे, आणि त्या शाळेत जो कोणी शिकला त्याने आपल्या हाताने मातीची एक पाटी टाकलीच पाहिजे, हा आक्काचा कायदा.

ज्यांचं आयुष्य स्लॅबखाली गेलं त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जुनी घरं धाब्याची. भिंतीवर जाडजूड लाकडी सरा, सऱ्यावर वाशांसारख्या आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर काटक्या, आणि त्यावर मातीचा थर, सपाट. माती साधी नाही. नाल्याकाठी पांढुरकी खारी मिळते, ती भिजली की घट्ट बसते, पाणी खाली उतरू देत नाही. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर चढायचं, भेगा पाहायच्या, तेवढ्यापुरती नवी खारी टाकून चोपायची. उन्हाळ्यात अशा घरात पंख्याची गरज पडत नाही. मे महिन्यात कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये भाजून निघताना मला हे फार आठवतं आणि नवऱ्याला मी ते रोज ऐकवते.

आमची शाळा अशीच, धाब्याची, एका खोलीची. गावानेच कधी काळी बांधलेली. कुणी दगड दिले, कुणी बैलगाडी, सरा कुणाच्या तरी बांधावरच्या जुन्या निंबाचा. दरवाजा आमच्याबरोबर शिकलेल्या रफिकच्या आजोबांनी घडवलेला. एक खोली, चार कोपरे, चार इयत्ता, आणि मध्ये एकटे गुरुजी. पहिली पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून, चौथी पश्चिमेच्या. पहिलीवाले बाराखडी घोकतायत, तिसरीवाले पाढे, चौथीला गुरुजी नद्या सांगतायत, सगळं एकाच हवेत. त्यामुळे पहिलीतल्या पोरांना चौथीच्या नद्या पाठ आणि चौथीतली पोरं पाढे म्हणताना मध्येच बाराखडीत घसरायची. नवीन साहेब तपासणीला आले की कानावर हात ठेवायचे. आम्हाला त्याच गोंगाटात झोपसुद्धा छान लागायची.

घाईआक्का माझ्या पुष्कळ आधीची. पण तिची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत होती, कारण ती स्वतःच सांगायची, आणि मोठ्या तोऱ्यात. "मी चौथी तीनदा शिकनू. तू शिकनी का?" झालं असं, की पाचवी आमच्या गावात नव्हती. ती नाल्यापलीकडच्या गावात, आणि पोरींना तिकडे पाठवायची रीत नव्हती. चौथी पास झाली की पोरगी घरी. म्हणून ही हुशार बया परीक्षेत पाटी कोरी ठेवून आली. बापाने झोडपली. पुढल्या वर्षी पुन्हा कोरी! गुरुजींना काय कळलं नसेल? चांगलंच कळलं होतं. त्यांनी तिच्या बापाला सांगितलं, "पोरगी जरा जड आहे डोक्याने, अजून एक वर्ष बसू द्या." जड डोक्याची पोरगी त्या वर्षी पहिली आणि दुसरीच्या पोरांना शिकवत होती.

तिसऱ्या खेपेला मात्र बापाने शाळाही सोडवली आणि लग्नही ठरवलं. आक्का तयार झाली, ते एकाच गोष्टीसाठी. मुलगा गावातलाच, आणि त्याच्या घराचं दार शाळेच्या समोर उघडायचं. "नवरा कोठे दखना? मी दार दखनं," असं ती नवऱ्यासमोर म्हणायची आणि तो बिचारा भला माणूस हसायचा. तो लवकर गेला. तिला मूलबाळ झालं नाही. ही गोष्ट मी एकदाच सांगते, कारण आक्का ती एकदाही बोलून दाखवायची नाही.

पुढे रस्त्यालगत नवी शाळा झाली. स्लॅबची, वर्ग वेगवेगळे, भिंतींवर रंगीत चित्रं. फार चांगलं झालं, मी काही नाकं मुरडणाऱ्यांतली नाही. पण जुनी खोली ओस पडली. एका पावसाळ्यात धाबं गळायला लागलं, तेव्हा गावात बोलणं निघालं की पाडून टाकू, जागा मोकळी होईल, लग्नाचा मांडव घालायला बरी. आक्का तशीच चपलांसकट ग्रामपंचायतीत. दारात उभी राहून म्हणाली, "गळस म्हनिसन पाडतस का? नही गळाव मंग." आणि घरी येऊन फोन लावायला बसली. बसली म्हणजे, अंगणात फेऱ्या मारत लावायला लागली.

त्या वर्षापासून ही खारीची रीत सुरू झाली. आम्ही सगळे कुठं कुठं पांगलेलो. दिन्या सुरतेत कापडाच्या कारखान्यात, कुणी नाशकात, कुणी नरडाण्याच्या एमआयडीसीत, रफिक धुळ्यात, आजोबांचंच सुतारकाम पुढे चालवणारा. आक्काने कुणाला सोडलं नाही. "सुट्टी नाही मिळत" म्हटलं तर, "मालकना नंबर दे" म्हणायची, आणि दिन्याने एकदा खरंच दिला. तिने त्या गुजराती शेठला अहिराणीत काय झापलं देव जाणे, दिन्या दुसऱ्या दिवशी हजर! मग व्हॉट्सॲप आलं, दिन्याने "खारी" नावाचा ग्रुप काढला. लोक त्यात सुप्रभात टाकायचे, फुलं टाकायचे. त्या फुलांमध्ये सगळ्यांना झापणारा आक्काचा आवाज यायचा, "कोठे मेलात बठ्ठा?"

त्या दिवसाची मजा मात्र लग्नाला नाही. सकाळी नाल्यावरून खारी आणायची. शिडीवर रांग लागायची. चांगले इस्त्रीचे शर्ट घातलेले, पोट सुटलेले लोक डोक्यावर पाटी घेऊन चढतायत, बायका पदर खोचून, नातवंडं ओंजळीत माती घेऊन. प्रत्येकजण वर जाऊन आपली पाटी ओतायचा, हाताने थापायचा, तिथेच उभा राहून फोटो काढायचा. आक्का खाली शिडीजवळ, "देखस काय नुसतं? उचल, उचल!" दुपारी तिच्या अंगणात वरणबट्टी आणि वांग्याची भाजी. घास तोंडात असतानाच ती विचारायची, "जेवण झालं ना? मंग निंघा, गाडी चुकी जाई." आम्हाला बोलावण्यासाठी वर्षभर तळमळायची आणि आलो की हाकलायची. मला राग यायचा, खरंच यायचा. इतक्या लांबून आलेय बाई, दोन गोष्टी बोल तरी! पण गाडीत बसल्यावर खिडकीतून मान वळवून मीच मागे पाहत राहायची.

आणि इथेच आम्ही सगळ्यांनी मिळून गाढवपणा केला. घरच्या धाब्यावर माती टाकताना माणूस जुनी खरवडतो, लागेल तेवढीच टाकतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शाळेवर तसं कोण करणार? गेल्या वर्षीची खरवडायची म्हणजे कुणाची खरवडायची? दिन्याची? माझी? आणि यंदा भेग नाही म्हणून सुरतेहून आलेल्या माणसाला पाटी न टाकता परत पाठवायचा? घरी आपण गरजेपुरती माती टाकतो, शाळेवर प्रेमाने टाकली. वर्षामागून वर्षं थर चढत गेले. कठडा गडप झाला, पाणी वाहून जायची पन्हळ मातीखाली गेली. रफिकसारखा लाकडातला माणूस, तोही आपली पाटी ओतून खाली यायचा. एका पावसाळ्यात वर तळं साचलं, आणि दिवाळीनंतर आक्काने दार उघडलं तेव्हा सरा खाली वाकलेला दिसला.

ग्रामपंचायतीने पंचायत समितीकडे कळवलं, तिथून एक तरुण अभियंता आला. चांगला मुलगा होता, उर्मट नव्हता. त्याने आत जाऊन वर पाहिलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. म्हणाला, "आज्जी, हे छत पडणार. कुणाच्या अंगावर पडण्याआधी उतरवा. सगळी माती काढा, लाकूड तपासा. लाकूड गेलं असेल तर वर पत्रे टाका, भिंती चांगल्या आहेत, खोली वापरता येईल. पावसाच्या आत हे झालं नाही, तर मला इमारत पाडायचं लिहावं लागेल." आक्काने विचारलं, "माती काढनी म्हंजे बठ्ठी?" तो म्हणाला, सगळी.

आक्का तयार होईना. बाकीच्यांनी समजावलं, सरपंचांनी समजावलं, शेवटी सगळ्यांनी मला पुढे केलं. मी भुसावळहून पॅसेंजर पकडून गेले. ती अंगणात नुसती येरझाऱ्या घालत होती. चुलीवर काही नाही, झाडलेलं नाही. मी म्हटलं, "आक्का, काय हट्ट आहे हा? खोली वाचतेय ना? मग काढू दे की माती."

"ती माती नही शे," ती म्हणाली. "त्या मना पोरे शेतस."

तिची पोरं, म्हणजे आम्ही. ती पुन्हा इकडून तिकडे गेली, आली. मग एकदम भडकली माझ्यावर. "पत्रा टाका म्हनतस. टाकशूत! पत्राले दरसाल काय लागस? काहीच नही. मंग तुम्ही कसाले येशात? मनी वरणबट्टी खावाले?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, की येऊ गं आक्का, असं कसं, येऊच. पण तिच्याकडे पाहून ते ओठाबाहेर पडेना. कारण आम्ही आलो नसतो. ज्याला नोकरी आहे, पोरांच्या परीक्षा आहेत, ज्याला मे महिन्यात गाडीचं तिकीट मिळत नाही, तो माणूस कामाशिवाय इतक्या लांब येत नाही. हे तिला माहीत होतं, म्हणून तर तिने आम्हाला काम दिलं होतं. मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण ती एका जागी उभी राहील तर ना! मी भाकरी टाकली, तिने उभ्याउभ्या दोन घास खाल्ले, आणि गाडी चुकेल म्हणून मला हाकललं.

त्यानंतर बरेच दिवस ग्रुपवर तिचा आवाज नाही. फुलं मात्र येत होती. मे लागला, आभाळ दुपारचं भरून यायला लागलं, आमचा जीव खालीवर. आणि एका सकाळी फोन. "निंघनी का?" मी विचारलं, टाकायला की काढायला? म्हणाली, "काढाले. जेनी तेनी आपापली पाटी उतारानी."

कुणाची पाटी कुठली हे आता देवालाही सांगता आलं नसतं. पण झाडून सगळे आले, कधी नव्हे इतके आले. त्याच शिडीवर रांग, पण माती त्या वर्षी वरून खाली येत होती. वर फावडी चालत होती आणि थर दिसत होते, एखादा पांढरा, एखादा पिवळसर. फोटो कुणी काढले नाहीत. दिन्या घाम पुसत म्हणाला, "आक्का, ही माती न्यायची कुठं?" मला वाटलं, आता ही काहीतरी हळवं बोलणार. तर म्हणाली, "वस्तीकडना रस्तावर टाक. पोरी चिखलमाईन येतीस." म्हणजे नव्या शाळेत यायला वस्तीवरच्या पोरींना पावसात गुडघाभर चिखल तुडवावा लागायचा, तिथे. झालं. आमची इतक्या वर्षांची माया त्या रस्त्यावर पसरली आणि वरून ट्रॅक्टर फिरवला.

सरा उघडा पडला तेव्हा रफिक वर चढला. हातोडीने ठोकत एका टोकाकडून दुसरीकडे गेला आणि मध्येच थांबला. खाली येऊन म्हणाला, "आक्का, आतून पूर्ण फुटलाय. राहायचा नाही." आमच्यात एकच गलका झाला. कुणी म्हणे लोखंडी पट्ट्या मारू, कुणी म्हणे खालून खांब देऊ, धाबं गेलं तर मग शाळा कसली उरली? मीसुद्धा ओरडत होते, उगाच कशाला खोटं सांगू. त्या छताखाली आम्ही लहान होतो हो!

आक्का सगळ्यांच्या मध्ये आली. "खांब कोठे देशात? चौथीना कोपरामा का पहिलीना?" ती म्हणाली. "माले धाबं नको. खोली पायजे." मग रफिककडे वळली. "काप."

रफिक उभाच. म्हणाला, "आक्का, पुन्हा विचार करा." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आते कोन्ही येवाव नही, माले ठावं शे. तू काप, बेटा." रफिकने करवत उचलली. तो कापत होता आणि रडत होता, दिन्याही रडत होता. आक्का मात्र शिडी धरून उभी होती, आणि करवत जरा मंदावली की खालून म्हणायची, "हात चालू दे, आभाळ उनं शे."

पत्रे पावसाच्या आत चढले. अभियंता येऊन पाहून गेला आणि खोली वापरायला हरकत नाही असं म्हणाला. आक्काने त्याला चहाला थांबू दिलं नाही, उलट विचारलं, "मंग आजपाईन उघडू का?" गावात पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरी होत्या. घरी त्यांना सतत कुणीतरी पाणी मागतं, कुणीतरी जेवायला वाढ म्हणतं. आक्काने त्यांच्या घरोघरी उंबऱ्याबाहेर उभं राहून हुकूम सोडला, की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पोरी शाळेत बसतील. किल्ली तिच्याकडे. पोरींना यायला उशीर झाला की ती बोंबलत त्यांच्या दारात.

त्या हिवाळ्यात आक्का गेली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या सिस्टरला सलाईन जोरात सोड म्हणून मागे लागली होती, म्हणे पोरींना कुलूप उघडून द्यायचंय. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिने आयुष्यभर सगळ्यांना घाई केली आणि मी नेमकी उशिरा पोचले.

यंदा मे महिना आला. फोन वाजला नाही. ग्रुपवर फुलं येतात, पण आता त्यांच्यावर ओरडायला कुणी नाही. मला घरात चैन पडेना. उगाच कपाटं लावली, लोणच्याच्या बरण्या पुसल्या, नवऱ्यावर विनाकारण डाफरले. तो म्हणाला, "जाऊन ये ना बाई एकदा, आम्हाला तरी सुख लागेल." मी गाडीत बसले. नरडाण्याला उतरते तर फलाटावर दिन्या. मी म्हटलं, तू रे कसा? म्हणाला, "असाच." गावात पोचलो तर शाळेजवळ रफिक उभा, पत्र्याकडे बघत. पत्र्याला काहीही झालेलं नव्हतं. तिघंही रिकाम्या हातांनी. काय बोलावं ते न सुचून आम्ही मोठ्यामोठ्याने बोलायला लागलो, कोण कुठे असतं, कुणाच्या पोराचं काय झालं.

तेवढ्यात दार उघडून एक पोरगी बाहेर आली, हातात पेन. "काका, जरा हळू बोलशात का? अभ्यास चालू शे." तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अनोळखी लोक बघून गावात विचारतात तसं विचारलं, "कोनाकडे उनात तुम्ही?"

रफिकने दिन्याकडे पाहिलं, दिन्याने माझ्याकडे. समोर आक्काच्या घराला कुलूप होतं. मी म्हटलं, "कोनाकडे नही, माय. शाळामा उनूत."

ती क्षणभर घोटाळली. मग दारातून बाजूला होत म्हणाली, "मंग मझार बठा. पन बोलानं नही."

आम्ही आत गेलो. पोरी चारही भिंतींकडे तोंड करून वाचत होत्या. चौथीचा कोपरा रिकामा होता. तिथे आम्ही तिघं भिंतीशी मांडी घालून बसलो आणि गाडीची वेळ होईपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही.